नानांच्या सुरकुत्या

आता काय सांगू तुम्हाला, माणूस मठ्ठ असला की निभावून जातं हो. हुशार असला की घात होतो! आणि मी हुशार होतो. नव्वदच्या दशकात बारामतीत कॉम्प्युटरवर हुबेहूब माणूस उभा करणारा मी एकटाच. निदान मला तरी दुसरा कुणी ठाऊक नव्हता, आणि मी शोधायलाही गेलो नव्हतो.

मी मूळचा इंदापूरचा. पुण्यात कोर्स केला आणि बारामतीत एस.टी. स्टँडाच्या मागं लग्नाच्या कॅसेटी सजवून द्यायचं दुकान टाकलं. नवरा-नवरी बदामात बसवायचे, बदाम गरागरा फिरवायचा, मागं कारंजं सोडायचं. कॉम्प्युटरला धूळ चालत नाही म्हणून लोक चपला बाहेर काढून आत यायचे. एवढा मान मिळाल्यावर कुणाचं डोकं जागेवर राहील?

एक दिवस काटेवाडीचे दत्ताभाऊ आले. बरोबर त्यांच्या आई, पारूकाकू. धाकट्या बहिणीचं, सुनीताचं लग्न ठरलं होतं. वडील म्हणजे नाना, ही पोर रांगत होती तेव्हाच गेलेले.

"तुमी म्हनं कॉम्प्युटरमधी माणूस उभा करताय," दत्ताभाऊ म्हणाले. "आमचं नाना उभं करा. अक्षता पडल्या की टीव्हीवर यायचं, पोरीला आशीर्वाद द्यायचा, बास!"

"घरात दुसरं कुणी वडीलधारं?"

"चुलतं हायत, तात्या. पन बोलनं न्हाय. इहिरीच्या पान्याच्या पाळीवरनं बिनसलंय, त्याला वरसं झाली. पत्रिका तेवडी धाडायची."

काकूंनी पिशवीतून फोटो काढला. नरसिंहपूरच्या जत्रेतला. फेटा, खांद्यावर घोंगडी, झुपकेदार मिशी. "ह्यो एकच हाय," काकू म्हणाल्या. "बाबा, मला काय कळत न्हाय त्यातलं. पोरीच्या लग्नात त्यांना एकदा बगायचंय, एवढंच."

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी म्हणालो, "काकू, तुम्ही स्वतः फसाल! नाना समोर बसलेत असं वाटेल!"

आता माझ्याकडं पुण्याहून आणलेल्या दोन सीडी. दोन वेगवेगळी सॉफ्टवेअरं. रेंडरिंग म्हणजे काय, ते सोपं सांगतो. कॉम्प्युटरला म्हणायचं, हा सांगाडा, ही कातडी, इकडून ऊन येतंय. आता तू चित्र काढ. मग तो बसतो काढत. मधेच लाईट जाते, मग पुन्हा पहिल्यापासून काढतो.

पहिलं सॉफ्टवेअर भरभर काढायचं, पण माणूस तुपात घोळल्यासारखा चकचकीत. दुसऱ्याला एकेका चित्राला युग लागायचं, पण कातडी काय काढायचं राव! छिद्रं, डाग, सुरकुत्या, सगळं!

सुरकुत्या म्हटल्यावर माझी हुशारी जागी झाली. फोटोतले नाना चाळिशीतले. लग्न आज! आज नाना असते तर पासष्टीचे असते की नाही? मग तरुण नाना दाखवणं ही फसवणूक नाही का? शिवाय सुरकुत्या नसतील तर त्या भारी सॉफ्टवेअरला काम काय देणार? मी नानांचे गाल ओढले, कपाळावर आठ्या पाडल्या, मिशी पांढरी केली. भिवया थोड्या झुपकेदार केल्या, म्हातारपणी होतात तशा. पहिल्या सॉफ्टवेअरला हे काही झेपेना, म्हणून त्यात नाना फोटोतल्यासारखेच राहिले.

मग निकाल कुणी द्यायचा? अर्थात काकूंनी! नवऱ्याला बायको ओळखणार नाही तर कोण ओळखणार? मी काकूंना दुकानात बोलावलं. दत्ताभाऊ लग्नाच्या धावपळीत, त्यांनी काकूंना स्टँडावर सोडलं आणि ते मंडपवाल्याकडं गेले.

आधी तुपातले नाना दाखवले. काकू खुर्चीत आरामात बसलेल्या. पडद्याकडं बघून म्हणाल्या, "अवं, किती त्याल चोपडलंय त्वांडाला!"

मी मनात म्हटलं, हे सॉफ्टवेअर नापास. साध्या काकूंनाही चकाकी खटकली!

मग दुसरे नाना लावले. आणि काय सांगू! काकू ताडकन उठल्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला, भिंतीकडं सरकल्या, मान खाली.

माझ्या अंगावर काटा आला. एवढी भक्ती! एवढा आदर! हे रेंडरिंग!

"काकू, कसे आहेत?"

"हुबेहूब हायत," काकू खाली बघूनच पुटपुटल्या. "तुमी पोरांनी ह्यांचंच ठरवलं आसंल तर बरंच झालं. थोरल्या मानसाचा आशीर्वाद पायजेच."

बघा! ह्याहून मोठं प्रमाणपत्र कुठलं? मी दुसरं सॉफ्टवेअर पक्कं केलं. वर आणखी पदरचं घातलं. नानांच्या पायाखाली ढग, डोक्यामागं सोनेरी चक्र, गळ्यात चंदनाचा हार. रेंडरिंगला इतका वेळ लागत होता, की नानांनी एकदा हात वर करून खाली आणला, एवढाच तुकडा तयार झाला. तोच तुकडा मी पुन्हापुन्हा जोडला. म्हटलं, आशीर्वाद काय, जास्त झाला तर बिघडतं थोडंच?

लग्नाच्या दिवशी मांडवात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर टीव्ही मांडला. अक्षता पडल्या, वाजंत्री थांबली. काकू पहिल्या रांगेत. मी माईकवर म्हणालो, "सुनीताला आशीर्वाद द्यायला स्वर्गातून कोण आलंय, बघा!" आणि व्हीसीआर चालू केला.

ढग बाजूला झाले. चक्र फिरलं. चेहरा पुढं आला. मी हात बांधून उभा. आता हुंदके फुटणार, हे मला ठाऊकच होतं.

फुटले की! माळेगावची एक म्हातारी ऊर बडवत उठली, "आगं बया, माजा तात्या गेला गं! आन् मला कुनी सांगितलंबी न्हाय!"

"तात्या वारलं? कवा?"

"परवा तर बाजारात दिसलं हुतं की!"

एवढ्यात मांडवाच्या मागच्या टोकाकडून आवाज आला. "कुनी मारलं रं मला? मी हितं बुंदी खातोय!"

सगळा मांडव मागं वळला. पांढरी मिशी, झुपकेदार भिवया, गालांच्या लोंबत्या घड्या. माझं रेंडरिंग, हातात द्रोण घेऊन उभं!

दत्ताभाऊ माझ्यावर धावले. "ह्यो कोन काढलायस?"

"नाना आहेत," मी म्हणालो. आवाज चढाच होता माझा. "आजच्या वयाचे!"

"आरं, म्हातारं झालेल्या नानांना कुनी बगितलंय? दोगं सख्खं भाऊ, एका साच्यातलं! म्हातारा झालेला त्यो एकच हाय, तात्या!"

तिकडं पडद्यावरचे तात्या काही थांबेनात. हात वर, हात खाली, हात वर, हात खाली. आणि मला तर व्हीसीआरचं बटणच सापडेना!

तात्या ट्रॉलीसमोर आले. ढगातल्या स्वतःकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता द्रोण माझ्या डोक्यात बसतो.

"दत्ता," तात्या म्हणाले, "ह्ये बेनं ढगातनं यवडा आशीर्वाद देतंय, आन् मी चुलता जित्ता असून मागं बुंदी खात बसू व्हय?"

द्रोण माझ्या हातात दिला, धोतराला हात पुसले, स्टेजवर चढले आणि सुनीताच्या डोक्यावर हात ठेवला. मग मात्र खरे हुंदके फुटले. पोरगी रडली, दत्ताभाऊ पाया पडले, माळेगावची म्हातारी भाऊ जिवंत आहे म्हणून नव्यानं रडली. मलाही भरून आलं, पण माझ्याकडं बघायला कुणाला वेळ होता?

आणि तेव्हा मला काकू दिसल्या. पदर कपाळापर्यंत, बाजूला सरकलेल्या, मान खाली. तस्संच! थोरले दीर समोर आल्यावर बाई करते तसं! माझ्या आईला मी जन्मभर मोठ्या काकांसमोर असंच उभं राहताना पाहिलं होतं हो. पण कोर्समध्ये शिकवलं नव्हतं ना!

"काकू, दुकानातच का नाही बोललात?" मी नंतर विचारलं.

"मला वाटलं, दत्तानं भांडान मिटवायचं ठरवलं. थोरल्या दिराचं नाव कसं घ्यायचं बाबा?" मग हळूच म्हणाल्या, "ते पयलं हुतं, त्याल लावल्यालं, ते हाय का रं अजून?"

"आहे, पण काकू, त्यात कातडी खरी दिसत नाही."

"कातडी तुलाच बगायची हुती. मला मालकांना बगायचं हुतं."

दुसऱ्या दिवशी त्या चकचकीत नानांचं चित्र छापून घेतलं, काचेत बसवलं आणि काटेवाडीला पोचतं केलं. काकूंनी ते देव्हाऱ्याशेजारी टेकवलं. पदर जागचा हलला नाही. त्या बघतच राहिल्या. मी मनात म्हटलं, चला, उशिरा का होईना, माझ्या कलेचं चीज झालं.

"बसा," काकू म्हणाल्या, "च्या टाकते. उनातनं आलाय."

मला एकदम अवघडल्यासारखं झालं. एवढ्या चुकीनंतरही माणसं किती मानानं वागवतात!

"नको काकू," मी म्हणालो, "दुकान उघडं टाकून आलोय."

काकूंनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. बहुतेक, मी आहे हे त्यांना तेव्हाच आठवलं.

"मग जा की रं," काकू म्हणाल्या. "तुला कुनी इचारलंय?"