पणजीच्या कार्डांवरची तिकिटं

घरात कुणी कात्रीने कागद कापू लागलं की मला नव्वदच्या दशकातला, आखातातल्या अल् घुब्रा वस्तीतला आमचा भाड्याचा फ्लॅट आठवतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पणजीने माहेरी लिहिलेली पोस्टकार्डं मी तिकडे जपून नेली होती. नवऱ्याच्या साहेबांना जुन्या तिकिटांचा नाद, म्हणून ते घरी आले तेव्हा कौतुकाने दाखवली. मी चहा घेऊन बाहेर आले, तर त्यांनी प्रत्येक कार्डावरचं छापील तिकीट कापून घेतलेलं, मागच्या मजकुरासकट! "वहिनी, त्यात होतं काय? पापड वाळले, बाळाला खोकला," ते हसले. "त्याच खोकल्यात तिचं बाळ गेलं," मी म्हणाले आणि त्यांच्या हातातून सगळी तिकिटं ओढून घेतली. साहेबांना लिफ्टपर्यंत पोचवताना नवरा माझ्या वागण्याची माफी मागत होता. तो संताप माझ्या मनातून अजून उतरलेला नाही.