हरिबाचा एका जनावराचा वाडा

जयसिंगनं शिक्रापूरला घर बांधलं, वरच्या खोल्या भाड्यानं दिल्या आणि निमोण्याहून आईबापाला आणून खालच्या बाहेरच्या खोलीत बसवलं. बसवलं म्हणायचं आपलं, हरिबा काही बसणारा गडी नव्हे. चाळीस वर्षं मेंढरांमागं चाललेला माणूस तो! दसरा झाला की निमोणं सोडायचं, कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला माघारी यायचं. बायको साखरबाई घोड्यावर संसार लादून बरोबर. मग पोराला कंपनीत नोकरी लागली, मेंढरं पुतण्या शंभूच्या कळपात गेली आणि हरिबा टीव्हीसमोर आला. टीव्हीत मेंढरं दिसत नाहीत, म्हणून तोही त्याला आवडेना.

दोन हजार तीन सालच्या भादव्यात त्यानं डोक्यात घेतलं, की औंदा शंभूबरोबर आपणही जायचं. शंभू म्हणाला, "चला की तात्या. पर काकी आली तरच. तुमाला भाकरी कोन थापून घालंल?"

म्हणजे सगळं आलं साखरबाईपाशी. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करताच म्हणाली, "न्हाई."

"आगं, पर का?"

"परवा गिरणीत दळण इसरून रिकामी पाटी घिऊन आला. त्याच्या आदल्या दिशी लेकाची चप्पल घालून गेला आन् तिसऱ्याचीच घालून आला. मेंढरं कशी सांभाळनार तुमी?"

"चाळीस वर्सांत माझं एक मेंढरू हरवलं न्हाई!" हरिबा असा ओरडला, की वरचा भाडेकरू खाली आला.

हा भाडेकरू म्हणजे सत्यजीत, ओडिशाचा पोरगा, जयसिंगच्याच कंपनीत वेल्डर. त्याच्याकडं एक कासव होतं. दोन वर्षांमागं चौकात नारळाच्या ट्रकनं करकचून ब्रेक मारला, पाच-सहा नारळ रस्त्यावर घरंगळले, लोक गोळा करायला धावले, तर सत्यजीतच्या वाट्याच्या नारळाला पाय फुटले. तेव्हापासून ते त्याच्या खोलीत होतं. आता तो दुर्गापूजेसाठी गावी निघाला होता.

"बाबा, इसको तीन हप्ता देखोगे क्या?"

"तू चिंता मत कर," हरिबानं छाती काढली. "हमने चारशे मेंढरं सांभाळेला है. ये तो एकच है, आन् पळता बी नहीं."

साखरबाईनं सूप खाली ठेवलं. "व्हय का? मग एवढं एक जनावर सांभाळून दावा. ह्यो पोरगा येईस्तवर ते खातंपितं ऱ्हायलं, तर म्या येते कोकणात. न्हाई ऱ्हायलं, तर पुन्यांदा मेंढरांचं नाव काढायचं न्हाई."

हरिबानं मिशीवर हात फिरवला. पैज खिशात पडल्यासारखीच होती.

सत्यजीतनं कासवाला प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवलेलं. ते बघून हरिबाला संतापच आला. "जनावर काय टमाटं हाय व्हय, क्रेटात ठेवायला?" त्यानं माळ्यावरून आपली वाघर काढली. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिला खुंट लागतात, म्हणून त्यानं फरशीच्या सांध्यांत सहा खुंट ठोकले.

सून अनिता पिठाच्या हातानं धावत आली. "आवं मामा, फरशी! नवी फरशी हाय ती!"

"आगं, रानात ढेकळांत ठोकतो. हितं तर सांधा तयारच हाय."

बाहेरच्या खोलीत मेंढरांचा असतो तसा वाडा उभा राहिला. चारशे मेंढरांची जाळी, मधे एक कासव. हरिबानं त्याच्यापुढं बाभळीच्या शेंगा टाकल्या, मिठाचा खडा ठेवला, बिरोबाचं नाव घेऊन पाठीवर भंडारा टाकला आणि गेरूचा तांबडा पट्टा ओढला. दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तर ओळखू यायला नको? संध्याकाळी घोंगडं अंथरून तो वाड्याशेजारी बसला, बोट पुढं करून मोजलं, "एक," आणि समाधानानं तंबाखू मळली. रोज मोजायचा. एकदा शंका आली म्हणून पुन्हा मोजलं, तरी एकच भरलं.

इथवर ठीक होतं. पण वाडा एका जागी दोन दिवसांवर ठेवायचा नाही, हा धनगराचा कायदा. आज या वावरात, परवा त्या वावरात. शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं, मेंढराला ताजा चारा. हरिबा कायद्याला पक्का. तिसऱ्या दिवशी त्यानं खुंट उपटले आणि वाडा स्वयंपाकघरात बसवला. अनिता हातात कुकर घेऊन जाळी ओलांडायला लागली. पुढं वाडा जयसिंगच्या खोलीत गेला. जयसिंग पहिली शिफ्ट करून दुपारी आला, त्याचा पाय वाघरीत गुंतला आणि तो पलंगापर्यंत तोंडावरच गेला.

"आबा, ह्ये घर हाय का रान?"

"हळू बोल," हरिबा म्हणाला. "जनावर बुजतंय."

जनावर खरंच बुजलं होतं. शेंगांना ते शिवलंच नव्हतं, आणि आता अनितानं टाकलेली मेथीसुद्धा खाईना. दहाव्या दिवशी त्यानं डोकं आत ओढलं ते बाहेर काढायलाच तयार नाही. हरिबानं ट्र्रर्र हुर्रर्र करून पाहिलं, बिरोबाला नारळ बोलला, पुन्हा वाडा हलवला. काही उपयोग नाही. हरिबा भ्याला. पैज तर जातच होती, पण आजवर एकाही जनावरानं त्याच्याकडं असं तोंड फिरवलं नव्हतं, आणि ते त्याला फार लागलं.

साखरबाई दोन दिवस गप बघत होती. तिसऱ्या दिवशी त्यानं खुंटाला हात घातला तशी म्हणाली, "आता कुठं?"

"मोरीपाशी. गार हाय तितं."

"न्हाई हलवायचं. त्याला करमंना झालंय. जागा जरा वळखीची व्हतीय, तवर तुमी खुंट उपटताय. माजंबी असंच व्हायचं."

"तुजं?"

"तीन दगडांची चूल मांडायची. भाकरी बरी फुगाय लागली, की ते दगड टाकून चालायचं. नव्या जागी दोन-दोन दिस घास गिळत नव्हता मला."

"कवा बोलली न्हाईस ते?"

"तुमी सांच्याला मेंढरं मोजायचा. माज्याकडं कवा बगितलं?"

हरिबानं खुंटावरचा हात काढला.

साखरबाईनं पदर खोचला. सकाळचं ऊन येतं त्या खिडकीपाशी दोन थर विटा रचायला लावल्या, आत चाळलेली माती पसरली, फुटकं मडकं आडवं ठेवून त्याला घर केलं आणि उथळ ताटलीत पाणी ठेवलं. वर कोंबडीच्या पिलांना लावतात तसा बल्ब.

"आगं," हरिबा हळूच म्हणाला, "ह्ये जगलं तर तुला कोकणात यावं लागंल."

"म्हाईत हाय. म्हनून काय मुकं जनावर मारू?"

चौथ्या दिवशी कासवानं मान काढली आणि काकडी खाल्ली. मग मेथी. मग भोपळ्याची सालं. शेवटी अनिताच्या पायाच्या तांबड्या नखाला टमाटं समजून ते असं तोंड लावायला आलं, की ती किंचाळत ओट्यावर चढली. हरिबा घरभर नाचला.

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सत्यजीत आला. "बाबा, ये पीठ पे लाल क्या है?"

"खून है, वळखीची. दुसरे के कळप में गया तो?"

सत्यजीतनं दारासमोरच्या हायवेच्या दोन्ही बाजूंना बघितलं. कळप काही दिसला नाही. पण कासव गुटगुटीत होतं, आणि हरिबा पैज जिंकला. निरोप गेला, शनिवारी शंभू टेम्पो घेऊन येणार.

शनिवारी सकाळी साखरबाईनं बोचकं बांधलं. तवा, डबा, दोन लुगडी. भिंतीवरचा आरसा काढला, खिळा तेवढा राहिला. हरिबा पाणी प्यायला आत गेला, तर रात्रीची तिची भाकरी तशीच झाकलेली, आणि सकाळचीही. त्यानं झाकण पुन्हा ठेवलं आणि बाहेर आला. दारात टेम्पो वाजत होता.

"शंभ्या, जा तू," तो म्हणाला. "माजा गुडघा धरलाय. आन् ही वाघर घिऊन जा, हितं पायात येती."

टेम्पो गेला. मेंढरं नुसती बघायचीसुद्धा राहिली. हरिबाला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगा. डोळेच भरले त्याचे.

साखरबाई दारात उभी होती. "गुडघ्याला काय झालं?"

"कायबी न्हाई. बोचकं सोड. आन् आधी जेव."

ती खाली बसली. हरिबा आत गेला, भाकरी घेऊन आला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं बायकोला कालवण वाढलं. निम्मं ताटाबाहेर सांडलं. ते तिनं बोटानं पुसून घेतलं, डोळ्याला पदर लावला, आणि दुसरी भाकरी मागितली.