ताईंनी माझं का ऐकलं?

शालनताईंना साठ वर्षं पूर्ण होत आहेत, यावरच माझा विश्वास बसत नाही. त्यात गौरवग्रंथाच्या समितीने ‘त्यांच्या यशाबद्दल लिहा’ असं कळवलं आहे. मला मात्र राहून राहून आठवतं ते एक अपयश, आणि तेही माझ्यामुळे आलेलं. आता काय लिहू?

पहिली भेट मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरची. माझी आई मासे विकायला बसली होती, मी शेजारी. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या ताई समोर उभ्या राहून आभाळात बघत होत्या. आई म्हणाली, “ओ बाय, बांगडा खाली आहे. वर काय बघताव?” ताई हसल्या. आपण सुट्टीत घाटावर जाऊन बिनइंजिनाचं विमान, म्हणजे ग्लायडर, उडवतो असं त्यांनी सांगितलं. बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय असं आईला वाटलं. खरं सांगू? मलाही.

पुढे त्यांच्याच शाळेच्या प्रयोगशाळेत मी नोकरीला लागले आणि कशी कोण जाणे, स्पर्धेला त्यांच्याबरोबर जाऊ लागले. ठरलेल्या ठिकाणांना वळसा घालून सर्वांत आधी परतायचं, अशी ती स्पर्धा. मी खालून गाडीने मागे जायची, जवळ वायरलेस. “पंख न हलवता घिरट्या घालणारी घार दिसली की सांगा,” ताईंनी बजावलं होतं. तिथे तापलेली हवा वर चढत असते आणि ग्लायडरला उंची मिळते. पण बाकी सगळे मदतनीस पुरुष, अनुभवी. चार दिवस माझ्या तोंडून “हो ताई” यापलीकडे शब्द फुटला नाही.

शेवटच्या दिवशी ताई पहिल्या होत्या. एका गावावर पंधरावीस घारी दिसल्या आणि मी ओरडले, “ताई, घारी! बाजाराच्या डोक्यावर!” ताई वळल्या. मी जवळ पोचले तर खाली सुकट-बोंबलांचा बाजार, वर पंख फडफडवणाऱ्या घारी! घार मासळीवर येते हे मिरकरवाड्याच्या पोरीला कोणी शिकवायला हवं? चढती हवा तिथे नव्हतीच; उंची संपली आणि ताईंना ज्वारीच्या वावरात उतरावं लागलं. करंडक गेला.

“तिकडे जायला कोणी सांगितलं?” एका वैमानिकाने विचारलं. “माझा अंदाज चुकला,” ताई म्हणाल्या. मी ग्लायडर न्यायला आणलेल्या ट्रेलरमागे रडत होते आणि ताई वावराच्या मालकाच्या घरी दुसरी भाकरी मागून घेत होत्या! मला काही उमगेना.

या लेखाच्या निमित्ताने, इतक्या वर्षांनी, मी धीर करून त्यांच्या घरी गेले. ताई फणसाचे गरे काढत बसल्या होत्या.

“घारी पंख मारत होत्या. तुम्हाला वरून दिसलं नाही?”

“दिसलं की गो.”

“मग वळलात कशाला?”

“चार दिवसांत तू पहिल्यांदा आपणहून काही बोललीस. तेव्हाच चूक म्हटलं असतं, तर पुन्हा तोंड उघडलं असतंस?”

मी भांडलेच. असा करंडक घालवतं का कोणी? ताईंनी शांतपणे गरा पुढे केला. त्यांनी बरोबर केलं की चूक, मला अजूनही ठरवता येत नाही. त्यानंतर मात्र एकाही स्पर्धेत मी गप्प बसले नाही, एवढं खरं.

ताई, तुम्हाला निरोगी, भरभरून आयुष्य मिळो. आणि आता माझं काही चुकलं तर तिथल्या तिथे सांगा. मी बोलायची थांबणार नाही.