दहा मिनिटांत एकच गोष्ट

मीटिंगमध्ये कोणाचं बोलणं संपलं, की मेश्राम सिस्टर बोलणाऱ्याला काही विचारत नसत. त्या मान वळवून शेवटच्या खुर्चीवरच्या गजाननभाऊंना विचारत, "भाऊ, काय समजलं?" गजाननभाऊ आमच्या आरोग्य केंद्राचे शिपाई, आणि ते खरं तेच सांगत. त्यामुळे मारेगाव तालुक्यातल्या आमच्या लहानशा केंद्रात शनिवारच्या मीटिंगला बोलायला उभं राहायला भलेभले कचरत.

मी तिथं औषध विभागात नवाच लागलो होतो. लशींचा फ्रिज माझ्याकडे होता, म्हणून डॉक्टरांनी त्यावर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. मी अठ्ठावीस स्लाइड केल्या. लशींची नावं, तापमानाचे आलेख, फ्रिजचे भाग, काही सोडलं नाही. पंचवीस मिनिटांनी डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, तेव्हा मी अकराव्या स्लाइडवर होतो. सिस्टरनी मान वळवली. गजाननभाऊ म्हणाले, "फ्रिज महाग हाय. हात नाई लावाचा."

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं.

दुपारी सिस्टर माझ्या खिडकीशी आल्या. बुटक्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला.

"राग आला काय?"

"नाही."

"मंग आयक. तुले जे जे येते, ते सारं सांगून राह्यला तू. लाइट गेली अन् तू गावाले गेला, तं या माणसानं काय कराचं, तेवढंच सांग. त्याच्या हातून काय चुकते, थे पाह्य आधी."

पुढच्या शनिवारी मी स्लाइड आणल्याच नाहीत. बर्फाचा एक पॅक तेवढा आधीच बाहेर काढून ठेवला. लाइट जाऊन फ्रिजचा काटा आठ अंशांकडे सरकला, तर लस बर्फाचे पॅक लावलेल्या शीतपेटीत हलवायची. पण गोठलेला पॅक तसाच पेटीत ठेवला, तर अति थंडीनंही काही लशी बाद होतात. त्याला घाम फुटू द्यायचा, कानाशी हलवून पाहायचा, आत पाणी वाजलं की मगच ठेवायचा. एवढंच बोलून मी पॅक गजाननभाऊंच्या हातात दिला.

त्यांनी तो कानाशी धरला. "वाजून राह्यलं," म्हणाले.

सिस्टर मला म्हणाल्या, "जमलं. आता यात भर नको घालजो."

मे महिन्यात मी बहिणीकडच्या लग्नाला फुलसावंगीला गेलो. संध्याकाळी सिस्टरचा यवतमाळहून फोन आला. त्या ट्रेनिंगला गेल्या होत्या. "वादळानं खांब पडले म्हणते. दुपारपासून लाइट नाई. केंद्रात फोनही लागून नाई राह्यला." दुसऱ्याच दिवशी लसीकरण होतं. पहाटेची पहिली एसटी धरली. 

केंद्रात पोचलो, फ्रिज उघडला. आत काही नव्हतं. 

"तिथं नाई, इथं हाय," मागून गजाननभाऊ म्हणाले. शीतपेटी त्यांनी सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवली होती. "काटा सरकला तसे पॅक काढले. वाजेपर्यंत थांबलो. मंग भरलं."

पेटीतला थर्मामीटर चार अंश दाखवत होता. मी तिथंच फरशीवर बसलो.

तासाभरात सिस्टर आल्या. सगळं ऐकून माझ्या शेजारी स्टुलावर टेकल्या. 

"नवी होती तवा अशीच लाइट गेली, अन् म्या लस गोठवलती," त्या हळूच म्हणाल्या. "दोन दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आलती, वही भरून. त्यात हे पॅकचं बी होतं. कोण्या पानावर, थे वेळेवर सापडलं नाई. बाया लेकरं घेऊन उन्हात बसल्या होत्या. परत जा म्हणा लागलं त्याइले."

 चष्मा डोळ्यांवर चढवून त्या उठल्या. सिस्टर आता निवृत्त झाल्या आहेत, पण त्यांची आठवण निघाली की मला ती सकाळच आठवते. व्हरांड्यात बाया येऊन बसल्या होत्या. सिस्टरनी पहिलं नाव पुकारलं. सुई टोचताच लेकरू जोरात रडलं, आणि कालपासून टांगणीला लागलेला माझा जीव भांड्यात पडला.