मान हलवू नका

अण्णांच्या खुर्चीत बसलेलं गिऱ्हाईक घोरलं नाही, असं सहसा व्हायचं नाही. सलूनमध्ये तीच त्यांची पत. ताठ उभे राहायचे, मान तसूभर हलायची नाही, नुसते डोळे भिरभिरायचे: गालावर, आरशात, परत गालावर. वस्तरा असा फिरायचा की माणसाला डुलकी लागलीच पाहिजे. कुणी चुळबुळ केली की एकच दम, "मान हलवू नका!"

मग आला हा मेला नवा चष्मा. वरून लांबचं, मधून आरशापुरतं, खालून जवळचं, सगळं एकाच काचेत. चष्म्याच्या दुकानातल्या मुलीने बजावलं होतं, "काका, डोळे कोपऱ्यात नेऊ नका, कडेला अंधुकच दिसणार. जे बघायचं, त्याच्याकडे नाक वळवा. मान हलवायची सवय करा."

वा गं शहाणे! सारा जन्म लोकांच्या माना धरून ठेवल्या, आता माझीच डोलवू?

नाही डोलवली. फरशी पायाखाली हिंदकळायला लागली, पायरी चुकली, आणि दोघांना कानाजवळ वस्तरा लागला. तुरटी फिरवून वेळ मारून नेली, पण अशी गोष्ट लपते का? माणसं डोळे टक्क उघडे ठेवून, खुर्चीचे दांडे आवळून बसायला लागली. शेजारच्या खुर्चीवर काम करणारा त्यांचा मुलगा शेवटी बोललाच, "अण्णा, आणखी एकाला लागलं तर वस्तरा बंद. मग गल्ल्यावर बसा."

अण्णांचा जीव टांगणीला लागला. गल्ल्यावर बसायचं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसायचं! घरी नुसत्या येरझाऱ्या. चष्मा काढ, पूस, परत घाल. बायको वैतागली. "अहो, त्या मुलीचं ऐकलंत तर लोक फार तर कोंबडा म्हणतील. आंधळा तर नाही ना म्हणणार?"

सकाळी दुकान उघडल्या उघडल्या ते मुलाला म्हणाले, "बस खुर्चीत."

"कोण, मी?"

"मग काय भिंतीची दाढी करू? बस."

मुलगा बसला. त्यानेही दांडे आवळलेच. ते अण्णांनी पाहिलं. पोटचा पोरगा, आणि त्यालाही माझी भीती!

फेस लावला, वस्तरा उघडला. नाक गालाकडे. मान वर, आरसा. मान खाली, हनुवटी. कान आला तसे अख्खेच वाकून बाजूला गेले. आरशात एक म्हातारा कोंबडा दाणे टिपत होता.

"हसू नकोस, कापीन," ते खेकसले.

मुलाने डोळे मिटून घेतले.

दुसरा गाल संपत आला तेव्हा पहिलं गिऱ्हाईक दारात उभं राहिलं. "अण्णा, किती वेळ?"

अण्णांनी ओठांवर बोट ठेवलं. मुलाचे हात मांडीवर सैल पडले होते, तोंड उघडं होतं, आणि पठ्ठ्या चक्क घोरत होता.