नाकवाल्यांचं नाक

आमच्या भागात लाकडी जमिनीचं काम करणारे चारपाच जण होते, पण घरातून वास जात नसला की लोक नाकवाल्यांकडेच जायचे. कुत्रं मरून दोन वर्षं झालेली असतात, मांजर कधीच कुणाला देऊन टाकलेलं असतं, तरी हवा जरा दमट झाली की जमीन मुताचा वास सोडते. रंगारी वरून रंग फासून जातो आणि महिन्याभरात वास परत हजर. नाकवाले आधी वरची सगळी आवरणं उखडायला लावत. मग खालच्या उघड्या फळ्यांवरून मान वर करून सावकाश चालत, मध्येच थांबत आणि खडूनं गोल काढून म्हणत, "इथं मुरलंय." तो गोल कधी चुकला नाही.

हे सगळं नाव त्यांच्या बायकोच्या जिवावर होतं, आणि ही गोष्ट त्या दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हती.

लाकडाला चकाकी देणारी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि बंद खोल्यांतून जमिनीवर त्या लाखेचे हातावर हात, म्हणजे थरावर थर मारायचे, यात त्यांची तीस वर्षं गेली आणि नाकही गेलं. एकदा चुलीवरचं दूध करपून घरभर धूर झाला, तरी ते शेजारीच बसून काचपेपर कापत राहिले. तेव्हा तिला कळलं. बाहेर बोलू नकोस, एवढंच त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून ती त्यांच्याबरोबर कामावर जायला लागली. फडकं घेऊन ती गुडघ्यांवर पुढे सरके, नाक फळीला टेकेल इतकी वाकून पुसे. वास असला की बोटाच्या पेरानं एकदा टकटक, नसला की दोनदा. मागून नाकवाले हवा हुंगत राजासारखे येत. सात वर्षं हे चाललं. मध्ये एकदा ती बहिणीकडे चार दिवस राहिली, तर त्यांनी पाठ धरल्याचं सांगून चार दिवस अंथरूण धरलं. त्यानंतर ती कुठेच राहायला गेली नाही.

यंदा परगावच्या लेकीला सातवा महिना लागला आणि डॉक्टरांनी तिला उठायचं नाही म्हणून सांगितलं. जावई कामावर जाणार, घरात दुसरं कुणी नाही. लेकीनं आईला बोलावलं. नाकवाले म्हणाले, मास्तरांच्या मुलीचं घर हातात घेतलंय, तेवढं झालं की जा. बायकोनं दिवस मोजले. काम संपायच्या आदल्या संध्याकाळी ते जेवताना सहज बोलून गेले, की नदीपलीकडच्या एका घराला त्यांनी होकार दिलाय, परवापासून तिकडे. तिनं ताटातून हात काढला. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही.

मास्तरांची मुलगी वडिलांच्या माघारी त्या घरात राहायला येणार होती. वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत मास्तरांचं कुत्रं अकरा वर्षं राहिलेलं, आणि शेवटच्या वर्षी खोलीच्या टोकाला असलेल्या अडगळीच्या कोठडीत पडून असायचं. दोघांनी फळ्या सोड्यानं धुतल्या, चार दिवस वाळवल्या, घासल्या, सांध्यांत भुसा आणि सरस भरला. लाखेचा पहिला हात कोठडीसकट मारून झाला होता. आता दुसरा हात, आणि चार वाजता बाई बघायला येणार होती.

तीनच्या सुमारास बायको कोठडीत शिरली. तिथला वास दबला की नाही, ते पाहायचं होतं. नाकवाल्यांनी डबा हलवला, ब्रश बुडवला आणि नेहमीसारखी टोकापासून सुरुवात केली. टोक म्हणजे कोठडीचा उंबरा. तिथून ते मागे मागे सरकत आले, एक फळी, दुसरी फळी, डोळे फक्त ओल्या चकाकीवर. डोक्यात राग होता, त्यामुळे हात जाड बसत होता. साडेतीनला ते बाहेरच्या दारात पोचले, ब्रश डब्यावर आडवा ठेवला आणि मान वर केली. समोर कोठडीच्या दारात बायको उकिडवी बसली होती. मध्ये सोळा हात ओली जमीन.

कोठडीला गजांची, वीतभर खिडकी होती. तिथून मांजरही बाहेर पडलं नसतं. मी आडवी फळी टाकतो, त्यावरून ये, असं ते म्हणाले. ती म्हणाली, फळी चिकटेल, मग परत घासायचं, परत लावायचं, आणि परत मी थांबायचं.

"हाक मारायचीस ना," ते म्हणाले.

"दार उघडं होतं. मी दिसत होते."

"माझं लक्ष नव्हतं."

"ब्रश जागेवर नसला तर घर पालथं घालता. मी म्हटलं, बघू तरी, मी आत आहे हे कितव्या फळीला आठवतंय."

ते खोलीच्या उंबऱ्यावर बसले. स्पिरिटच्या वाफेनं ती खोकत होती आणि तोंड खिडकीकडे करून श्वास घेत होती. त्यांना वाफ कळत नव्हती, खोकला मात्र ऐकू येत होता. मग ती म्हणाली की पावणेपाचची बस आहे, बॅग सकाळीच जिन्याखाली आणून ठेवलीय. नाकवाल्यांनी सकाळी ती बॅग पाहिली होती. त्यात फडकी असतील असं त्यांना वाटलं होतं.

चार वाजता मास्तरांची मुलगी जिना चढून आली. दारातूनच तिनं विचारलं, "काका, गेला का वास?"

नाकवाल्यांनी सवयीनं मान वर केली, नाकपुड्या फुलवल्या आणि थांबले. पलीकडून टकटक आली नाही. बायकोचे दोन्ही हात मांडीवर होते. एकदा टकटक झाली असती तर तिसरा हात मारायचा होता. दोनदा झाली असती तर हिशेब घेऊन नदीपलीकडच्या घरी. काहीच झालं नाही. बाई वाट बघत होती.

"मला नाही कळत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"सात वर्षं झाली, मला वासच येत नाही. ते नाक हिचं आहे."

बाईला आधी थट्टा वाटली. "सगळं गाव तुम्हाला नाकवाले म्हणतं, काका."

"म्हणू दे. तुम्हीच बघा वास घेऊन. अकरा वर्षं तुम्हीही तो वास ओळखताच की."

बाई उंबऱ्याशी वाकली, गुडघे टेकले, आणि बराच वेळ तशीच राहिली. मग म्हणाली, नुसत्या स्पिरिटचा येतोय. तेव्हा कुठे कोठडीतून दोनदा टकटक झाली.

नदीपलीकडच्या घरी तिथल्याच माणसांना वास घ्यायला वाकायला लावेन, असं नाकवाले पुटपुटले. ते कुणाला सांगत होते, हे बाईला कळलं नाही. बायकोला कळलं. साडेचार वाजले होते आणि लाख अजून चिकट होती. ती उठली, चपला हातात घेतल्या आणि सरळ फळ्यांवरून चालत आली. प्रत्येक पावलाला चर्र आवाज होत होता. दारात आल्यावर तिनं नाकवाल्यांच्या खांद्याचा आधार घेऊन तळव्यांची लाख फडक्यानं पुसली. दूध रोज तापवा आणि तापवताना समोरून हलू नका, एवढं सांगून ती जिना उतरली.

बाईही गेली. जमीन वाळल्यावर नाकवाले कोठडीपाशी गेले आणि पावलांचे ठसे एकेक करून भरत मागे येऊ लागले. एक ठसा भरून झाला की त्यांचा ब्रश थांबायचा, मान वर व्हायची, कान टवकारायचे. मग ते पुढच्या ठशाकडे सरकायचे.