तीन देशांचं एक पोलाद

डिचोलीच्या खाणीवर सुमन गावस पहिल्यांदा आली ती खनिजाचे नमुने चाळायला. बांद्याकडची मुलगी, डिचोलीत दिलेली, मराठी सातवी शिकलेली. अक्षर मात्र असं वळणदार, की स्टोअरची कार्डं लिहायला तिलाच बसवलं, आणि पुढची अकरा वर्षं ती तिथून हलली नाही.

तिला एक नाद होता. परदेशी मालाबरोबर येणारे तपासणीचे दाखले बाकीचे लोक तारेत ओवून विसरून जात. सुमन ते वाचायची. क्रोमियम किती, निकेल किती, सगळं शंभरपानी वहीत उतरवून घ्यायची. जर्मन मालावर 1.4401, जपानीवर SUS316, विलायतीवर 316S16. आकडे शेजारी शेजारी मांडल्यावर तिला उमगलं, की पोलाद जवळपास एकच आहे, प्रत्येक देशाने आपापलं नाव ठेवलंय. लोक हसत. हसोत बापडे!

गोवा घटक राज्य झाल्यानंतरच्या जानेवारीत खनिज धुण्याच्या जर्मन पंपाचा शाफ्ट मोडला. धुलाई थांबली, रोजावरच्या चाळीस बायका घरी बसल्या. इंजिनिअर रघुनाथबाबनी ड्रॉइंग उघडलं. त्यावर 1.4401. त्या पोलादाचा बार, म्हणजे शाफ्ट कातायचा गोल दांडा, जर्मनीहून यायला तीन महिने.

फोरमन शांताराम खिशातलं चुंबक काढून पुढे सरसावला. त्या वर्कशॉपात स्टेनलेसची पारख चुंबकानेच व्हायची आणि शांतारामचा शब्द शेवटचा. त्याने ते जपानी SUS304 च्या बाराला लावलं. "पळयात, चिकटना! म्हणजे तेंच पोलाद."

"चिकटत नाय ता खरा," सुमन म्हणाली, "पण गेल्या वर्षी ह्याच बाराचो शाफ्ट घातलो. चार महिन्यांत खड्डे पडले ना?"

शांतारामने चुंबक खिशात टाकलं. पंप नदीचं पाणी ओढतो, आणि त्या नदीला भरतीचं खारं पाणी येतं. खाऱ्या पाण्यापुढे टिकायला पोलादात मॉलिब्डेनम लागतं. 304 मध्ये ते नाही, आणि चुंबकाला त्यातलं काही कळत नाही. सुमनने कोपऱ्यात सहा वर्षं धूळ खात पडलेल्या विलायती 316S16 च्या बाराकडे बोट दाखवलं.

"नांव वेगळें, देश वेगळो," रघुनाथबाब वैतागले. "तुज्या वहीचेर हांवें पंप चालू करूं?"

"साहेब, आमच्याकडे रातांबे म्हणतत, तुमी भिरंड म्हणतास. सोलांची कढी तांबडीच होता ना? ही दोन पोलादा जुळी न्हय, पण सख्ख्यो भयणी आसत. आकडे बघा."

त्यांनी आकडे दोनदा पाहिले. "बरें. पूण शाफ्ट गेलो जाल्यार तूं परत चाळणीर."

पुन्हा नमुने चाळायला जाण्याची धमकी ऐकूनही सुमन डगमगली नाही. आधी तिने बाराचा कीस खनिज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत दिला. दाखला हरवूही शकतो, बदलूही शकतो. धातू खोटं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: मॉलिब्डेनम अडीच टक्के. त्याच दुपारी बार लेथवर चढला. तिसऱ्या दिवशी पंपाने पाणी उपसलं आणि चाळीसही बायका कामावर परतल्या.

पण खरा निकाल जूनमध्ये लागायचा होता, पावसासाठी खाण बंद झाल्यावर. तोवर रोज येता-जाता सुमन पंपाचा आवाज ऐकत थांबायची. नवरा विचारायचा, जेवण का जात नाही? काय सांगणार त्याला!

जूनमध्ये पंप उघडला. रघुनाथबाबनी चिंधीने शाफ्ट पुसला, वाकून पाहिला, बोट फिरवलं. एक डाग नाही, एक खड्डा नाही. घालताना होता तसा गुळगुळीत. सुमनला इतका आनंद झाला, की तिला हसू आणि रडू एकदमच फुटलं.

रघुनाथबाबनी खिशातलं पेन काढून ड्रॉइंगवरच्या 1.4401 शेजारी 316S16 लिहिलं, आणि खाली मराठीत ओळ जोडली: बार निवडण्याआधी सुमनबायची वही पाहावी.

संध्याकाळी शांताराम स्टोअरच्या खिडकीशी आला. खिशातलं चुंबक काढून त्याने तिच्या वहीवर ठेवलं.

"हें तुजेकडेन रावूं दी, बाय," तो म्हणाला. "माका आतां नाका."